यादीत काकांचं नाव

वकीलबाई: म्हणजे तिसऱ्या कार्डावरून पैसे उचललेत आणि पहिल्याचा हप्ता भरलात.

भाऊ: दुसऱ्याचा. पहिल्याचा चौथ्यातून भरला.

ताई: चौथंपण आहे? घरून निघताना तीन म्हणालास.

भाऊ: चौथं लहान आहे गं.

ताई: लहान म्हणे. रांगतंय का अजून?

वकीलबाई: लहान-मोठं सगळं एकदाच टेबलावर येऊ दे. डॉक्टरसमोर अर्धाच सदरा काढून चालत नाही. धंदा सोफे दुरुस्तीचा ना तुमचा?

भाऊ: सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा. जुनं कापड काढायचं, फोम बदलायचा, नवं चढवायचं. बरीच वर्षं एका खोलीत नीट चाललं होतं. मग एका हॉटेलचं काम आलं, सगळ्या मजल्यांवरच्या खुर्च्या. त्या खोलीत मावणार कुठं, म्हणून बँकेचं कर्ज काढून मोठं वर्कशॉप घेतलं. दोन कारागीर ठेवले. रेक्झिन नेहमीच्या दुकानदार काकांकडून उधारीवर उचललं. निम्म्या खुर्च्या पोचवल्या आणि बिल मागायला गेलो, तर काउंटरवर नवीनच माणूस. म्हणाला, हॉटेल विकलं गेलं, जुन्या कंपनीनं दिवाळं काढलंय. तुमचे पैसे त्यांच्याकडे, आमच्याकडे फक्त खुर्च्या.

वकीलबाई: जुन्या कंपनीकडून काही आलं?

भाऊ: आलं की. वाटेहिश्श्यानं. त्यात कारागिरांचा आठवड्याचा पगार निघाला.

ताई: तेव्हाच मला सांगायचं, तर हा कार्डं काढत बसला. शेवटी वसुलीवाला दारात आला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेला, तेव्हा याच्या बायकोनं मला फोन केला. म्हणाली, ताई, बेल वाजली की हे आता मोरीत जाऊन बसतात.

भाऊ: ते सांगायची गरज होती का इथं?

वकीलबाई: होती. तुमच्या मनात काय आहे?

भाऊ: सगळी कर्जं मिळून एकच मोठं कर्ज घ्यावं. जाहिरात बघितली मी. हप्ता निम्म्यावर येतो.

वकीलबाई: येतो, कारण वर्षं दुप्पट होतात. आणि तारण काय देणार?

ताई: माझं घर मागतील. दे म्हणावं.

भाऊ: घराचं नाव काढायचं नाही.

वकीलबाई: नकाच काढू. धंदा पुन्हा बसला तर घरही जाईल. आगीतून फुफाट्यात.

भाऊ: मग कार्डवाल्यांना निम्म्यात मिटवा म्हणू.

वकीलबाई: म्हणता येतं, बऱ्याचदा ऐकतातही. पण ते निम्मे एकरकमी लागतात.

भाऊ: व्हॅन विकली तर एका कार्डाचं मिटेल.

ताई: आणि सोफे काय डोक्यावरून आणणार?

वकीलबाई: कोर्टामार्फत हप्ते बांधून घेण्याचीही सोय आहे. चार-पाच वर्षांची योजना. दारात कुणी येत नाही. पण ठरलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला गेली पाहिजे.

भाऊ: हेच करू. मला कुणाचं बुडवायचं नाही. सगळ्यांचे सगळे देतो.

वकीलबाई: महिन्याला काय उरतं तुमच्याकडे?

भाऊ: काम असलं की उरतं.

वकीलबाई: आणि नसलं की?

भाऊ: नसलं की मग... सोफा काय, लोक वर चादर टाकून आणखी एक वर्ष काढतात.

वकीलबाई: म्हणजे पहिल्या मंदीत हप्ता चुकणार आणि योजना मोडणार. मी माझी फी घेईन, आणि वर्षभरानं तुम्ही याच खुर्चीत बसलेले असाल.

भाऊ: थोडक्यात, दिवाळं.

वकीलबाई: कायद्यात नादारी म्हणतात.

भाऊ: नाव बदललं म्हणून वास जातो का?

वकीलबाई: नाही जात. काय होतं ते ऐका, मग वासाचं बघू. मोठं वर्कशॉप जाईल, बहुतेक व्हॅनही. पुढची काही वर्षं बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. शिलाईचं मशीन, हत्यारं, घरातलं रोजचं सामान यांना सहसा हात लावत नाहीत. माणसानं कमवून खावं, हे कोर्टालाही हवं असतं. कार्डं सुटतील. वर्कशॉप विकून बँकेचं जे उरेल, तेही तुमच्यापुरतं सुटेल.

ताई: आणि माझ्यावर येईल.

वकीलबाई: जामीन तुम्ही आहात?

ताई: मीच. दुसरं कोण राहणार?

भाऊ: म्हणूनच मी केव्हाचा नको म्हणतोय.

ताई: तू जरा गप्प बस. बाई, मी इस्पितळात एक्स-रे काढते. माणूस आतून कुठं तडकलाय ते बघण्याचा पगार घेते मी, आणि याला वाटतं मी डोळे मिटून सही केली. उरेल ते माझ्याकडून लहान हप्त्यांनी घ्यायला बँक तयार होईल?

वकीलबाई: बोलून बघू. सहसा होते. त्यांना पैसे हवे असतात, तुमचं घर विकायची कटकट नको असते.

ताई: मग मी शनिवारची जादा पाळी घेते. तसेही लोक शनिवारीच जास्त पडतात.

वकीलबाई: तुम्ही जे भराल ते यांच्याकडून मागायचा हक्क तुम्हाला येतो. म्हणजे घेणेकऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव घालावं लागेल.

ताई: घाला. याची बहीण आहे हे कुठं तरी नोंदवलेलं बरं.

भाऊ: सगळ्यांची घाला. एक नाव तेवढं घालू नका.

वकीलबाई: कुणाचं?

भाऊ: रेक्झिनवाले काका. त्यांच्याकडे माझा कागद नाही की सही नाही. नुसत्या शब्दावर देत आलेत. त्यांचं मी व्हॅन विकून आधी गुपचूप देऊन टाकतो. मग काढा दिवाळं.

वकीलबाई: अर्जाच्या तोंडावर एकालाच दिलं आणि बाकीच्यांना वगळलं, तर ते पैसे परत मागवता येतात.

भाऊ: माझ्याकडून?

वकीलबाई: त्यांच्याकडून. त्यांच्या दुकानात जाऊन.

ताई: म्हणजे याच्या चांगुलपणाची वसुली त्या म्हाताऱ्याकडून.

भाऊ: पण हॉटेलनं माझं जे केलं तेच मी त्यांचं करतोय. कोर्टाचा कागद पुढं करून मोकळा.

वकीलबाई: हॉटेलवाले तुम्हाला सांगायला आले होते?

भाऊ: कुठले येतात. काउंटरवरच्या माणसाकडून कळलं.

वकीलबाई: मग तेवढा फरक तुमच्या हातात आहे. नोटीस जायला अजून वेळ आहे. आणि सगळं मिटल्यावर तुम्ही स्वखुशीनं कुणाला काही दिलंत, तर कायदा आडवा येत नाही. यादीत मात्र नाव येणारच.

(दोन दिवसांनी, दुपारी. वर्कशॉपच्या मधोमध एक सोफा, बैठकीवर नवं कापड चढलेलं, पाठीला नुसता फोम.)

ताई: काकांकडे गेलास, की गल्लीतच फेऱ्या मारून परत आलास?

भाऊ: आधी फेऱ्या मारल्या, मग गेलो. एका बाईला ते ठाण उलगडून दाखवत होते. ती जाईपर्यंत थांबलो आणि सांगितलं. कार्डं, बँक, तू, सगळं. त्यांच्या हाती किती येईल तेही. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

ताई: काय म्हणाले?

भाऊ: आधी ठाण गुंडाळत राहिले. मग म्हणाले, हॉटेलनं बुडवलं तेव्हा तू याच स्टुलावर बसून त्यांचा उद्धार केलास आणि मी मान डोलावली. आता मी कुणाच्या स्टुलावर जाऊन बसू?

ताई: खरं आहे बाबा.

भाऊ: मग बरंच बोलले. मुलगी त्यांना सांगत होती म्हणे, याला आता उधारी देऊ नका. ते उलट तिच्याशीच भांडले. आता रात्री जेवताना तिला काय तोंड दाखवू, म्हणाले. मी ऐकून घेतलं. हॉटेलचं, मंदीचं सगळं तोंडाशी येत होतं, पण गिळलं.

ताई: आणि नंतर देईन म्हणालास का?

भाऊ: म्हणालो. कायद्यानं सुटलो तरी जमेल तसं आणून देईन. तर म्हणाले, ते मला सांगू नकोस. दिलंस की कळेल.

ताई: मग निघालास?

भाऊ: उठलो निघायला. दारापर्यंत आलो तर मागून विचारलं, हातात काम आहे का? म्हटलं, एक सोफा आहे. मग कापड लागेल की, म्हणाले. घेऊन जा, पण रोख. आजपासून तुझी उधारी बंद. खिशात होते तेवढे काढून ठेवले.

ताई: दिलं कापड?

भाऊ: दिलं. एरवी ते खडूची रेघ मारायचे आणि वीतभर पुढं कापायचे. असू दे, तिरकं गेलं तर लागेल, म्हणायचे. काल बरोब्बर रेघेवर कात्री चालवली.

ताई: लागलं तुला ते.

भाऊ: लागलं. पण घडी करून दिलं, पैसे मोजले, सुटे परत दिले. त्या दुकानात मला पुन्हा जाता येईल, एवढं कळलं.

ताई: आणि अर्ज?

भाऊ: आज सकाळी सही केली. बायको होती बरोबर. वकीलबाई म्हणाल्या, महिन्याअखेर हे वर्कशॉप ताब्यात घेतील. जुनी खोली अजून रिकामी आहे, मालकाला विचारून ठेवलंय. भाडं आगाऊ मागतोय.

ताई: मागणारच. भाडं जमेल?

भाऊ: हा सोफा आज गेला तर जमेल. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे. बसण्याची जागा झाली, पाठ राहिलीय.

ताई: हेच का ते कापड?

भाऊ: हेच. पुरतंय, पण जेमतेम. जरा इकडंतिकडं झालं तर कोपरा उघडा पडेल.

ताई: मी काही करू का?

भाऊ: ते टोक धर. तिथं, खालच्या पट्टीपाशी.

ताई: ओढू?

भाऊ: नाही, नुसतं धर. ओढतो मी.