ड्रॅगन कुठाय?

...आणि वर तोंड करून मला विचारतो, "ड्रॅगन कुठाय?" आता काय बोलायचं अशा माणसाशी!

तुम्हाला सांगतो, उभी हयात मी इथे विस्कॉन्सिनात डेअरीच्या कॅलेंडरवर गायी रंगवल्या. बर्फातली गाय, फुलांतली गाय, डिसेंबरात लाल टोपी घातलेली गाय! आणि एक दिवस आमच्याच गावातला गॉर्डी प्लाउट्झ म्हणतो, बाबा रे, आमच्या खेळाच्या नियमांच्या पुस्तकाला मुखपृष्ठ काढून दे. तो खेळ हो... टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, आणि दिवसभर टायर विकणाऱ्या माणसानं तेवढ्यापुरतं वीर नाहीतर जादूगार व्हायचं! मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. म्हटलं, हे जमलं तर सुटलो, पुन्हा म्हणून शिंगाला रंग लावणार नाही!

जीव ओतून काढलं. डोंगराच्या पोटातलं एक दार, किंचित उघडं, आतून पिवळट उजेड. दारासमोर तिघं, आपल्याकडे पाठ करून. पाठ का? अहो, चेहरा दिसला की तो दुसऱ्या कुणाचा तरी होतो, पाठ दिसली की ती आपली! बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, थांबा रे, मीपण येतो! चांगलं मुखपृष्ठ म्हणजे आणखी काय असतं? जादूगार म्हणून मेव्हण्याला, डेलमारला, गॅरेजात उभं केलं. अंगात आंघोळीचा झगा, हातात बर्फ उपसायचं फावडं, दात कडकड वाजतायत... "दाजी, जादूगाराला आतून गरम विजार चालते का हो?" चालते रे बाबा, झग्याखाली कोण बघतंय!

आणि गॉर्डी काय म्हणतो? "ड्रॅगन कुठाय?"

"दाराच्या आत."

"मग दार उघड की!"

"अरे, दिसत नाही म्हणून तर आत जावंसं वाटतं..."

"हे बघ, शेजारच्या पुस्तकावर ड्रॅगन, आणि आपल्यावर दार! लोकांना वाटेल सुतारकामाचं पुस्तक आहे!"

शुक्रवारी तळलेले मासे खायला गेलो, तर तिथली वाढणारीसुद्धा चित्र बघून म्हणते, "छान आहे हो, पण ड्रॅगन कुठाय?" आमची बायको, मार्लिस, म्हणते, "काढून टाक ना एक, तुझं काय जातंय?"

काय जातंय? आता आतली गोष्ट सांगतो. मला ड्रॅगन येत नाही! खवले येतात, पंख येतात, नख्या तर फर्मास. पण डोळे काढायला घेतले की... गाय! पापण्यांसकट! ओलसर, समजूतदार, चाऱ्याची वाट बघणारे डोळे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगीच?

पण न काढून सांगतो कुणाला? पुन्हा कॅलेंडर नको होतं मला. काढला. डोंगरामागून, अगदी वर मान काढलेला. मार्लिसनं बघितलं आणि विचारलं, "दूध किती देतो?" डेलमार तर हळवाच झाला. "दाजी, याच्यावर तलवार चालवायला हात धजेल का हो कुणाचा?"

गॉर्डीला छपाईची घाई. "ड्रॅगन आहे ना? झालं तर!" ...न बघता गुंडाळून घेऊन गेला.

पुस्तकांचं खोकं आलं, उघडलं, आणि गॉर्डीचं तोंड उघडं ते उघडंच. "ड्रॅगन कुठाय?" अहो, पुस्तकाचं नाव वर असतं! आणि कॅलेंडरात तारखा असतात खाली! मी आपला सवयीनं खाली ऐसपैस जागा सोडलेली. तेव्हा ती सोनेरी धिप्पाड अक्षरं बसली थेट डोक्यावर. खाली नुसती मान. वर जाते, जाते... आणि गायब! वरून थोडा धूर. म्हटलं, गेलो. कॅलेंडर. जानेवारी. गाय.

उन्हाळ्यात खेळणाऱ्यांची मोठी जत्रा भरते, तिथे मी मान खाली घालून बसलो. बघतो तर माझ्यासमोर ही रांग! एक शाळामास्तरीण म्हणाली, "काय डोकं चालवलंत हो! ड्रॅगन कुठाय, ड्रॅगन कुठाय, म्हणून आमची मंडळी दर शनिवारी भांडतात! ते दार बघितलं की बाई, आत शिरावंसंच वाटतं!" खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. कुणाला तरी आत जावंसं वाटलं!

आणि बाजूला गॉर्डी, छाती फुगवून, "कल्पना माझीच! मीच म्हटलं, झाकून ठेव!" ...मग माझ्या गळ्यात हात टाकून, "आता लोकांना फार ताटकळत ठेवायचं नाही. पुढच्या पुस्तकावर दाखवूनच टाकू. नुसतं डोकं! या कडेपासून त्या कडेपर्यंत! आणि नाव खाली टाकू. डोळे मात्र मोठे काढ हं!"

सकाळपासून कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलोय. आत्ताच मार्लिस डोकावून गेली, "काय रे, ड्रॅगन कुठाय?"

कुठाय म्हणजे? शेजारच्या गोठ्यात आहे. धार काढून झाली की निवांत असतो म्हणे... निघालोच आहे.