बाथरूमची कडी

(डोंगरातल्या कोळसाखाणीच्या गावातलं स्वयंपाकघर. ओर्लीन गॅसपाशी. तिचा मुलगा कॉर्डेल, हातात स्क्रूड्रायव्हर.)

ओर्लीन : कडी? कुठली कडी?

कॉर्डेल : बाथरूमची. बाबांनी काढून ठेवलेली. खोक्यात सापडली, स्क्रूसकट.

ओर्लीन : परवा दवाखान्यातून आलास आणि आज कडी हवी? आधी जेव. बीन्स आहेत, मक्याचा पाव आहे.

कॉर्डेल : विषय बदलू नकोस, आई.

ओर्लीन : आत निळा पडलेला बघितलंय तुला. दार फोडलं होतं तुझ्या बाबांनी.

कॉर्डेल : तेव्हा दुखण्यावरच्या त्या नशेच्या गोळ्या होत्या अंगात. आता सुटल्या.

ओर्लीन : हे याआधीही छातीठोकपणे सांगितलंयस. आता सरकारी झाडपाला खाऊन संत झालास होय?

कॉर्डेल : पाला नाही, मूळ. आफ्रिकेतलं. कायद्यानं दिलं. छातीला वायरी, शेजारी नर्स.

ओर्लीन : काल-परवापर्यंत त्याच मुळासाठी बेड्या पडायच्या. पाद्रीबुवा म्हणतात, नशा उतरवायला नशाच.

कॉर्डेल : पाद्रीबुवांची पाठ खाणीत मोडली नव्हती.

ओर्लीन : पाठीच्या गोळ्याही तुला कायद्यानंच मिळाल्या होत्या, बाळा.

कॉर्डेल : हो. मिळाल्या होत्या.

ओर्लीन : त्या मुळानं म्हणे गेलेली माणसं दिसतात. बाबा दिसले का रे?

कॉर्डेल : नाही. रॉयकाकाचं खेचर दिसलं. सगळा वेळ माझ्याकडे बघत उभं.

ओर्लीन : घरातलं सगळ्यात शहाणं तेच होतं.

कॉर्डेल : उठलो तर गोळी आठवत होती, पण हवीशी वाटत नव्हती.

ओर्लीन : आणि उद्या वाटली तर?

कॉर्डेल : वाटेलही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. वाटली तर तुला येऊन सांगेन, दार लावून बसणार नाही.

ओर्लीन : मग कडी कशाला?

कॉर्डेल : चाळिशीला आलोय, आई. जिवंत आहे हे तुला कळावं म्हणून आत गाणं म्हणत अंघोळ करतो. श्वास घ्यायला थांबलो तरी दार ढकलतेस तू.

ओर्लीन : तुझ्या त्या बेसूर गाण्यावर मी दिवस काढलेत रे. फार भीती वाटते मला.

कॉर्डेल : माहीत आहे.

ओर्लीन : ...आण तो स्क्रू. तिरका घालतोयस. अगदी बापावर गेलास. दार धर घट्ट.

कॉर्डेल : लागली! मग जाऊ अंघोळीला?

ओर्लीन : जा. मी गॅसपाशीच आहे. दाराशी येणार नाही.

कॉर्डेल : नक्की?

ओर्लीन : नक्की. लाव कडी... कॉर्डेल?

कॉर्डेल : आता काय?

ओर्लीन : आज जरा मोठ्यानं म्हण. इथवर ऐकू यायला हवं.