टेपखाली एक बोट

नाही, मी काही लिहून-बिहून आणलेलं नाही. आणि तो माईक जवळ करायचीही गरज नाही, माझा आवाज दुकानातून पलीकडच्या गल्लीत जातो. तर, सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचा ते आमचे मोठे डॉक्टर, त्यांच्या जागेवर आलेले नवे डॉक्टर, सिस्टर मंडळी आणि समोर बसलेल्या आयाबापांनो, सगळ्यांना नमस्कार. झालं मानपानाचं.

आत्ता एक साहेब बोलून गेले, की डॉक्टर म्हणजे देवमाणूस, पहिल्या भेटीतच विश्वास बसला. तुमचा बसला असेल बाबा. माझा नव्हता बसला.

मी कपडे शिवते. जन्मभर तेच केलं. माझी नात, तिला आम्ही मुंगी म्हणतो, ती बघा तिसऱ्या रांगेत, खुर्चीचं रेक्झिन उकरतेय. मुंगे, हात काढ तिथून! तर ही वर्षाची झाली तरी बसेना. डोकं मात्र वाढत चाललेलं. मी शिवलेली टोपी बघता बघता होईनाशी झाली. सून म्हणे, "आई, तुमचंच माप चुकलं असेल." माझं माप? पण मग पोरीची बुबुळं खाली उतरायला लागली, पापणीआड बुडाल्यासारखी, तेव्हा दोघी धावत इथे आलो.

डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. मेंदूत पाणी तयार होतं आणि वाहून जातं. हिची आतली वाट बंद झाली, म्हणून ते साठतंय. डोक्यात बारीक दुर्बीण घालायची, आतल्या पातळ पडद्याला भोक पाडायचं, की पाण्याला दुसरी वाट मिळते. आता शेजारच्या खाटेवरच्या पोराला नळी घातलेली होती, डोक्यापासून पोटापर्यंत, कातडीखालून. मी विचारलं, "मग आमच्या पोरीला नळी का नाही?" तर म्हणाले, "तिला बहुतेक लागणार नाही."

बहुतेक! मला वाटलं, चांगला माल दुसऱ्याला आणि आमच्या वाट्याला नुसतं भोक. हसा, हसा. टेबलावर तुमची पोर नव्हती.

ऑपरेशन झालं. टाके किती? सदऱ्याच्या काजाएवढे. मला आणखीच संशय. एवढ्याशा जागेतून हे लोक आत गेले तरी होते का?

घरी दर आठवड्याला डोकं मोजायला सांगितलेलं. पहिल्याच खेपेला माझं माप दवाखान्याच्या मापापेक्षा मोठं! पोरीला उचललं, इथे आले आणि सिस्टरशी भांडले. "आकडे काय तुम्ही मनानं टाकता?" गलका ऐकून डॉक्टर आले. म्हणाले, "आजी, मोजा बघू माझ्यासमोर." मी टेप लावली. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आजी, बोट काढा."

अहो, शिवणारी बाई माप घेताना टेपखाली एक बोट ठेवतेच! नाहीतर कपडा आवळेल. हाताची सवय ती, मला पत्ताच नाही बोट आत आहे म्हणून. सिस्टर फिदीफिदी हसल्या. डॉक्टर नाही हसले. म्हणाले, "ठेवा बोट, पण दर वेळी ठेवा. माप वाढतंय का, तेवढं बघा. आणि असंच भांडायला येत जा. ते भोक बुजू शकतं. उद्या बुजेल, दहा वर्षांनी बुजेल."

मला सांगा, स्वतःच्या कामावर संशय घ्या म्हणणारा माणूस कधी पाहिलाय कुणी? मी मनात म्हटलं, हा एक तर पक्का लबाड आहे, नाहीतर खरा आहे.

मुंगी चालायला लागली, शाळेत गेली. मग एकदा पोर मरगळली. सून म्हणाली, "आई, ही सकाळी उठली की डोकं धरते. आज ओकलीसुद्धा." मी टेप लावली, बोटासकट. तसूभर फरक नाही. म्हटलं, "पित्त असेल गं, माप बरोबर आहे." सुनेनं वाद घातला नाही. सरळ डॉक्टरांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. ही म्हणे, सासूबाईंचं माप तर ठीक आहे. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "टेप ठेवा बाजूला! कवटी जुळली आता, डोकं वाढायचं नाही, आतल्या आत दाब वाढेल. पिशव्या भरत बसू नका. निघा!"

निघालो. भोक बुजलं होतं. त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, पुन्हा वाट करून दिली. उशीर झाला असता तर... जाऊ दे. ती बघा, परत उकरतेय.

"आता तरी उघडं राहील ना?" मी विचारलं. काय म्हणाले असतील? "बहुतेक."

म्हणून मी आज आलेय, फुलं बघायला नाही. डॉक्टर, तुम्ही सुखानं जा, घरी बाईसाहेब वाट बघतायत. पण आमचं ते "बहुतेक" मागे राहिलं, ते कुणाच्या गळ्यात? हे नवे डॉक्टर चांगले दिसतात, इस्त्री कडक आहे. मघाशी मी त्यांचा नंबर घेतला. म्हणाले, "आजी, कधीही फोन करा." "कधीही या, पैसे तयार आहेत" म्हणणारी गिऱ्हाइकं मी खूप पाहिलीत.

थांबा जरा. चष्मा कुठं गेला... हां. लावते त्यांना फोन, आत्ताच.

अध्यक्षबाई, एक मिनिट. वाजतोय. ऐकू येतंय ना सगळ्यांना? नवे डॉक्टर, माझ्याकडे काय बघताय, उचला की! पोर आजारी असती तर असंच बघत बसला असतात?

हॅलो. कोण म्हणून काय विचारता, समोर उभी आहे! मुंगीची आजी. नंबर नावासकट टाकून ठेवा. पोर बरी आहे. ठेवते.

चार रिंगा घेतल्या. मोठे डॉक्टर, जाण्याआधी यांना तेवढं शिकवून जा.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. तोंड फटकळ आहे, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आता ते कार्यक्रमवाले कडेला उभे राहून खुणावतायत, की निरोपाचे दोन शब्द राहिले. ते मी बोलणार नाही. एकसुद्धा नाही.