डाव्या चाकातला प्ले

— नाही हो काका, मशीनचा काही दोष नाही, उगाच मला धीर देऊ नका. अलाइनमेंटचं मशीन नवीन, कागदावरचे सगळे आकडे हिरवे, खाली सही माझी — आणि तरी तुमचा ट्रक नऊ दिवसांत परत आलाय, डावीकडे ओढतोय, स्टेअरिंग थरथरतंय आणि पुढचा टायर उंदराने कुरतडल्यासारखा झालाय. मग चुकलं कोण? मीच की! इंजिनिअर आहे मी. पाटीवर डिग्री लिहिलीय, बघितलीत ना? बाबांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. पेंटरने विचारलंसुद्धा, एवढी मोठी? म्हटलं, एवढीच.

चढा वर, बसा सीटवर. इंजिन चालू करू नका. ॲक्सलखाली ठोकळे आहेत, मागच्या चाकांनाही आहेत, घाबरू नका, तेवढं येतं मला. आता मी चाक वरून-खालून धरून हलवते. खट्, खट् — ऐकू येतंय? हा प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा. मागच्या वेळीही सापडला होता मला. आंधळी नाही मी, नुसती दीडशहाणी आहे. प्ले सापडला की कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा आणि चाक पुन्हा हलवायचं. खटखट थांबली तर बेअरिंग सैल, चालूच राहिली तर किंगपिन झिजलेला — म्हणजे ज्या पिनवर अख्खं चाक वळतं, तीच गेली. पाच सेकंदांचं काम. एक जादा पाय लागतो, बस्स.

आणि तो नव्हता का? होता हो! बाबा इथंच स्टुलावर बसले होते. पण सकाळीच आमची जुंपली होती. "आधी हाताने चाक बघ, मग मशीन लाव" — हे गिऱ्हाइकासमोर, मी शाळेतली पोर असल्यासारखं! या वडीलधाऱ्यांना चार माणसं जमल्याशिवाय शिकवताच येत नाही का? मग मीही सुनावलं. म्हटलं, तुमच्या हाताला मिलिमीटर कळतो? घरी बसा आता. ते उठेचनात. आणि तासाभराने त्यांनाच म्हणायचं, "बाबा, जरा ब्रेक दाबता?" कुठल्या तोंडाने? तेव्हा मी ठरवून टाकलं, बेअरिंगच असणार. आवळलं. खटखट कमी झाली — कमी, बरं का, बंद नाही — आणि त्या डुगडुगत्या चाकावर मी थाटात अलाइनमेंट केली. कागदाचा फोटोही काढला.

दाबा ब्रेक. दाबलात? पूर्ण? — खट्. नक्की दाबलाय ना? — खट्.

किंगपिनच.

नऊ दिवस, भरलेली गाडी, तो सगळा उतार... आणि तुम्ही सांगता काय, "जरा ओढतेय पोरी." शिव्या द्या ना मला!

नाही, आज गाडी मिळणार नाही. माल थांबू दे. नव्या पिनला नवा बुश लागतो, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती पितळी नळी, तो आतून हाताने घासून बसवावा लागतो, आणि ते मला येत नाही. एकदा केला होता; एवढा मोठा झाला, की आत पिनसोबत तिचं सासरही मावलं असतं. बाबांना येतं. पण ते त्या दिवसापासून गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाहीत. गुडघा दुखतो म्हणे. मी म्हटलं, बरंच झालं, आराम करा. असं म्हटलं मी.

काय? कुणी थांबवलं तुम्हाला? — वळणावर? बाबांनी? त्यांचा गुडघा... वळण म्हणजे घरापासून अर्धा तास चालणं आहे, काका! रोज उभे असतात? माझ्याकडून गेलेली प्रत्येक गाडी बघत? आणि तुमचं चाक बघून म्हणाले काय — दुसरीकडे नको, तिच्याकडेच ने?

अजून काय म्हणाले?

एवढंच?

...उतरा खाली, काका. किल्ली ठेवा आणि जा तुम्ही. मला काही झालेलं नाही, ग्रीस गेलंय डोळ्यात. सांगितलं ना, जा — मला शटर ओढायचंय, वळणावर जायचंय.