पंपाची बॅटरी

(नाल्यावरचा ठेंगणा पूल, म्हणजे रपटा, पाण्याखाली गेलेला. अलीकडे थांबलेली जुनी मेटाडोर. आत माशांच्या बीजाची टाकी आणि तिच्या बाजूला झोपायची फळी. दुपार.)

मनसाराम : अन् मी काय म्हणून राह्यलो, रपट्यावरचं पाणी उतरल्याबिगर गाडी हालत नाई. तू दहादा खाली उतरून पाह्यलं तरी पाणी तुले भिऊन उतरत नाई.

कैफ : पण मनसारामकाका, मले आजच एटापल्लीले पोचणं आहे. नवरीचा बाप वाट पाहून राह्यला. लग्नाचा अल्बम त्याले लॅपटॉपवर दाखवायचा, त्यानं हो म्हटलं का मंग नागपूरले छापाले जाते. अन् अल्बम अजून पुरा झालाच नाई.

मनसाराम : मंग बसल्या बसल्या पुरा कर न. कोणी धरलं तुले?

कैफ : लॅपटॉपची सोताची बॅटरी मेलेली आहे. सेकंडहँड घेतला न, वायर लावली तरच चालते. काका... ती फळीखालची बॅटरी आहे न? माह्याजवळ छोटा इन्व्हर्टर आहे. लावू का तिच्यावर?

मनसाराम : ते पंपाची बॅटरी होय, बाबू.

कैफ : माहीत आहे. अब्बानंच बसवून देल्ली तुम्हाले.

मनसाराम : मंग अब्बानं हेही सांगतलं असन. इंजिन बंद असलं का टाकीतला हवेचा पंप तिच्यावर चालते. पंप थांबला का बोटुकल्या खतम. बोटाएवढा जीव त्याईचा, किती वेळ दम धरतीन? इंजिन चालू ठेवलं असतं, पण डिझेल गावावरी पुरलं पायजे.

कैफ : दोन-चारच पानं राह्यले, काका. झालं का लगेच काढतो. कसम.

मनसाराम : कोणाचं बीज आहे, माहीत आहे का तुले? सुकरीबाईच्या बचत गटाचं. बायाईनं यंदा पयल्यांदा गावचा तलाव घेतला. फुटकी पाळ सोता बांधली. गडीमाणसं हासत होते, बाया का मासे पाळतात म्हणून.

कैफ : मी ध्यान ठेवतो न पंपावर. तुम्ही पहाटेपासून गाडी चालवून राह्यले, घडीभर पडा.

मनसाराम : डोळा तर लागूनच राह्यला... लाव, बाबा. पण आवाजाकडे कान ठेव. इन्व्हर्टर टीं टीं कराले लागला का तवाच वायर काढजो अन् मले उठवजो.

कैफ : हो, हो. तुम्ही झोपा बिनघोर.

*

मनसाराम : कैफ! ए कैफ! पंपाचा आवाज काऊन येत नाई?

कैफ : आँ? चालूच तर... आत्ता तर चालू होता, काका.

मनसाराम : कानातलं ते काढ पयले! वायर उपट लॅपटॉपची! झाकण उघड टाकीचं. अरे देवा... पाह, सगळ्या वर आल्या. तोंडं वासून राह्यल्या.

कैफ : इंजिन चालू करू? होईन का?

मनसाराम : होते. समोरची बॅटरी अलग आहे. चावी फिरव, अन् येतानी फळीवरचा गंज, ते मोठं पातेलं, घेऊन ये!

कैफ : चालू झालं, काका! पंप लागला! बुडबुडे येऊन राह्यले!

मनसाराम : एवढ्यानं नाई भागत. गंज बुडव टाकीत. भर. आता हात वर ने अन् उंचावरून सोड. धो धो पडू दे. हवा मिसळली पायजे पाण्यात. मी बादली घेतो इकडून.

कैफ : असं?

मनसाराम : आणखी वरून. थांबू नको.

कैफ : ह्या कोपऱ्यातल्या हालत नाईत, काका.

मनसाराम : त्याईले पाहू नको.

कैफ : पोटं वर झाले त्याईचे. इथल्याही. काका, ह्या साऱ्याच...

मनसाराम : जे हालून राह्यल्या त्याईले पाह म्हणतो न! ओत!

कैफ : ओतून राह्यलो.

मनसाराम : रडतानीही ओतता येते. ओत.

*

कैफ : काका, रपटा पार झाला तवापासून तुम्ही माह्याकडे पाह्यलं नाई.

मनसाराम : रस्ता खराब आहे.

कैफ : टीं टीं ऐकू आलं होतं मले.

मनसाराम : काय म्हटलं?

कैफ : इन्व्हर्टर वाजला होता. मी ऐकलं. बिदाईचं पान चालू होतं, नवरी आईच्या गळ्यात पडून रडते ते. म्हटलं, एवढं एक पान करतो अन् काढतो. मंग पंपाचा आवाजही बारीक झाला. तोही समजला मले. पण वाजणं खटकत होतं, म्हणून कानात गाण्याची वायर घातली.

मनसाराम : अन् मी बाजूलेच झोपून होतो.

कैफ : शिव्या द्या न, काका. दोन थापडा मारा.

मनसाराम : थापडीनं तुले बरं वाटन. मासोईले का? ऐक आता. गावात मी बोलीन. नाल्यानं अडवलं अन् पंप बिघडला. तू चूप राह्यजो.

कैफ : पंप तर चांगला आहे.

मनसाराम : पंपाले बोल लागला तर पंप जेवण सोडत नाई.

कैफ : माह्यासाठी खोटं नका बोलू.

मनसाराम : तुह्यासाठी? माह्यासाठी बोलीन, लेका! मूल गावापासून सिरोंचावरी सांगत फिरतो मी, मनसारामच्या गाडीत मासोई मरत नाई. ते ऐकूनच सुकरीबाईनं मले निरोप धाडला. अन् मी काय केलं? लोकाईचा जीव टाकीत भरून आणला अन् त्याईचा श्वास तुह्या हातात देऊन घोरत पडलो. हे सांगू का मी तिले? तोंड आहे का मले?

कैफ : माहीत नाई, काका.

मनसाराम : मलेही माहीत नाई. चूप बस. गाव आलं.

*

सुकरी : जोहार, मनसारामभाऊ! किती उशीर. आमाले वाटलं नाल्यात वाहून गेली गाडी. बाया तवापासून पाळीवर बसून आहेत. नवे लुगडे नेसून आल्या, पाहा न. हे पोरगं कोण?

मनसाराम : हा कैफ. मूलच्या रहीमभाऊचा पोरगा. फोटो काढते लग्नाचे. सुकरीबाई, झाकण उघडाच्या अगुदर ऐका. रस्त्यात पंप बिघडला. नाल्यावर अडकलो होतो. मेल्या बऱ्याच.

सुकरी : बऱ्याच म्हणजे?

मनसाराम : अर्ध्याच्या वर.

सुकरी : अर्ध्याच्या वर... बरं. पंप तर लोखंड होय, बिघडते. नाल्यालेही कोण बोलन? तुमी दोघं पुरे ओले झाले. पोराच्या हातावर तर फोड आले. आमच्यासाठी एवढा तरास घेतला तुमी.

कैफ : नाई घेतला.

मनसाराम : कैफ, चूप.

कैफ : पंप नाई बिघडला, बाई. मी माह्या कामासाठी लॅपटॉप लावला पंपाच्या बॅटरीवर. बॅटरी संपत आली तवा मले आवाज आला होता. मी वायर नाई काढली. काका झोपले होते.

मनसाराम : झोपाले नव्हतं पायजे मी. परवानगी मीच देल्ली, बाई.

सुकरी : कायचं काम होतं?

कैफ : लग्नाचे फोटो.

सुकरी : फोटो.

कैफ : हो.

सुकरी : उन्हाळाभर माती वाहिली आमी डोक्यावर. माह्या बहिणीनं तर पोट घेऊन वाहिली, सातवा महिना होता तिले. फोटो.

मनसाराम : बाई, पाया पडतो. मले काय बोलाचं ते बोला. पण जित्या आहेत त्याईले पयले पाण्यात जाऊ द्या. टाकीतलं पाणी गरम होऊन राह्यलं.

सुकरी : सोडा. पयले त्या.

मनसाराम : कैफ, बादली धर. एकदम नको ओतू. तलावाचं पाणी थोडं थोडं बादलीत घे, सवय होऊ दे त्याईले. आता तिरपी कर.

कैफ : गेल्या. काका, त्या गेल्या. तिकडे कमळाच्या पानाखाली.

मनसाराम : आण दुसरी.

*

सुकरी : झालं?

मनसाराम : झालं, बाई. मेलेल्या टाकीतच आहेत.

सुकरी : त्या मंग काढू. पोरा, इकडे ये. बायाईसमोर उभा राह्य. मले मराठी येते म्हणून मी ऐकलं. ह्याईतल्या बऱ्याच जणीईले येत नाई. मी एकटीनं काय सांगू ह्याईले? तू सांग. मी गोंडीत सांगन.

कैफ : सगळ्याईसमोर?

सुकरी : माती सगळ्याईनं वाहिली.

कैफ : मी... तुमच्या मासोया माह्यामुळं मेल्या.

सुकरी : सांगतलं. पुढं.

कैफ : पंप बंद पडाच्या अगुदर मले समजलं होतं. मी उठलो नाई.

सुकरी : थांब. हां. पुढं.

कैफ : मनसारामकाकानं भरवसा ठेवला होता माह्यावर. बीज मी परत आणून देतो. काम सोडून येतो, पण आणतो. त्यानं ह्या काई जित्या होत नाईत, मले माहीत आहे.

सुकरी : तेही सांगतलं.

कैफ : त्या... त्या उठून चालल्या ते कोण?

सुकरी : माही बहीण. राग आला तिले. तू तिच्या मांगं जाऊ नको.

कैफ : नाई जात. अन् ह्या आजी काय बोलून राह्यल्या? मले बोलून राह्यल्या न?

सुकरी : हो. तुलेच.

कैफ : सांगा. जे म्हटलं ते सांगा.

सुकरी : इचारते, ह्या पोरानं सकाळपासून काही खाल्लं का?

कैफ : खाल्लं म्हणून सांगा.

सुकरी : खाल्लं?

कैफ : नाई.