मतदानाच्या आदल्या दुपारचं सरबत

बायडाबाई : जावईबापू, फ्रीजातल्या त्या पातेल्यात काय हुतं?

अनीश : सरबत आहे, आई. लिंबू, पुदिना, सोडा…

बायडाबाई : आन्?

अनीश : थोडी बिअर. येताना नगरला घेतली होती.

बायडाबाई : थोडी म्हंजी?

अनीश : निम्मी. पण फार हलकं असतं हो, खास उन्हाळ्यातलं. पातेलं तिरकं धरून कडेनं ओतायची, म्हणजे फेस येत नाही.

बायडाबाई : आता माझ्या तोंडाला आलाय! पातेल्यात कशापायी केलं?

अनीश : घरात बाटली दिसू नये म्हणून. तुमचा मान राखायला.

बायडाबाई : लई राखला. पडवीत अकरा बाया बसल्यात. सकाळपास्नं उन्हात गावभर 'आडवी बाटली' वरडत हिंडल्यात. मी सरबत समजून त्यांच्याम्होरं ट्रे ठेवून आले. ह्या हातानं!

अनीश : प्यायल्या?

बायडाबाई : तुमच्या सविताचं भाषण चाललंय, म्हनून थांबल्यात.

अनीश : मग मी ट्रे आत आणतो.

बायडाबाई : तहानेल्या बायांपुढचं सरबत जावयानं उचलायचं? कारण काय सांगाल?

अनीश : खरं सांगेन. चूक माझी आहे.

बायडाबाई : तुमची चूक परवा पुण्याला जाईल. दारूचं दुकान हितंच ऱ्हाईल. उद्या गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच ते बंद हुतंय. आन् त्यांच्या पुढारनीच्या फ्रीजात ही!

अनीश : पण वास येत नाही, आई. पुदिना सढळ हातानं घातलाय.

बायडाबाई : दुसऱ्या कुनाला न्हाई यायचा. रतनबाईला येईल. बावीस वरसं त्यो वास उशाशी घेऊन निजली ती.

(रतनबाई ट्रे घेऊन आत येतात. दहा ग्लास भरलेले, एक घोटभर कमी.)

रतनबाई : बायडाबाई, सरबतात मुंग्या निघाल्या म्हनून सांगितलंय बायांना. माठातलं पानी दे.

बायडाबाई : रतनबाई, देवाशप्पथ, मला ठावं न्हवतं…

रतनबाई : दिसतंय तुझ्या तोंडावर. वत हे मोरीत. बाटल्या कुठं हायेत?

अनीश : पिशवीत. लगेच गाडीच्या डिकीत टाकतो. मावशी, माफ करा.

रतनबाई : लिंबं किती पिळली ह्यात, जावईबापू?

अनीश : सहा.

रतनबाई : आमच्या घरी कधी लिंबू घालून आली न्हाई.