पानाखालची सही

नाही नाही, उभे राहू नका. त्या पलंगावर बसा, तो तुमच्या मिसेसचाच, आम्ही सगळे त्यांना मिस व्हर्डेल म्हणतो. चादर बघा, अजून तशीच आहे, कोपरे दुमडून घट्ट खोचलेली—रोज साडेपाचला उठून आधी पलंग आवरायच्या आणि मग माझ्याकडे नुसत्या बघत बसायच्या. मी उशीत तोंड खुपसायचे. तर तुम्ही मिस्टर स्पाइव्ही, आणि मी त्यांच्या खोलीतली दुसरी, ब्रिएल. आरशाला फोटो खोचलाय तुमचा, त्यात डोक्यावर हॅट नाही म्हणून पटकन ओळखलं नाही. तीन तास गाडी चालवत आलात, या जुलैच्या उन्हात, आणि गाडीचा एसीसुद्धा बंद असणार, शर्ट पाठीला चिकटलाय तुमचा. चहा देऊ? बर्फ घालून प्यायचा आहे, गोड आहे, पण कालचा आहे. नको? बरं.

वह्या—हो, कळलं. तीन निळ्या वह्या, सराव परीक्षांच्या, टेबलाच्या डाव्या खणात. चिठ्ठी लिहून दिलीय होय त्यांनी? बघू. अरे देवा. हे बघितलंत तुम्ही? नवऱ्याला दिलेली चार ओळींची चिठ्ठी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात व्ही. एस. आणि तारीख! घरी किराणाच्या यादीवरपण करतात का हो? करतात? मुलं लहान होती तेव्हा त्यांच्या डब्यातल्या चिठ्ठीवरसुद्धा? मग झालं तर. मला हसू येतंय त्याचं वाईट वाटून घेऊ नका, हे हसू काही आनंदाचं नाही.

खण उघडून बघा खुशाल. रिकामा आहे. मी सकाळीच बघितला, त्यांचा फोन आला तेव्हा—म्हणजे उचलला नाही मी, आंघोळीला गेले होते, निरोप ठेवला होता त्यांनी. नाहीत वह्या. झाडणाऱ्या बायका येतात ना शुक्रवारी, त्यांनी टाकल्या असतील. निळे पुठ्ठे, त्यांना काय कळतंय कशाचे.

त्यांनी तुम्हाला नीट सांगितलंय का काय झालं ते? नसेल. त्या सांगतात कुठे, त्या पाय एकमेकांवर ठेवून बसतात आणि म्हणतात, होईल ते होईल. मी सांगते. आम्ही चौतीस जण होतो. लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडलेले, पण अगदीच टाकाऊ नाहीत असे चौतीस. सहा आठवडे इथे कॉलेजच्या होस्टेलवर राहायचं, दोन विषय शिकायचे—करार, आणि निष्काळजीपणाचा कायदा—आणि शेवटी दोन परीक्षा. पहिल्या नऊ जणांना ऑगस्टपासून कॉलेजात जागा. दहाव्याला शुभेच्छांचं पत्र. आणि या सहा आठवड्यांना पुन्हा येता येत नाही, मिस्टर स्पाइव्ही, आयुष्यात एकदाच. नियम असा की पेपरावर नाव घालायचं नाही. चार आकडी नंबर मिळतो, तेवढाच लिहायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये कुणाचा पेपर आहे. नाव, खूण, सही, काहीही दिसलं की पेपर बाद. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं होतं, मी शेजारीच बसले होते, त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'नाव लिहू नये'—आणि त्याच पानाच्या खाली, कोपऱ्यात, व्ही. एस. आणि तारीख.

एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केल्यावर दुसरं काय होणार. पान संपलं की हात आपोआप खाली जातो. त्यांच्या लेखी ते नाव नव्हतंच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, सही नसलेला कागद म्हणजे अर्धा कागद, बाळा, न्यायाधीशसुद्धा त्याला हात लावत नाही. आणि शेवटच्या परीक्षेत चौदा पानांवर चौदा सह्या केल्या. पहिल्या पानापासून. चौदा! तपासणाऱ्याने डीनकडे पाठवला पेपर, आणि डीनने पत्र पाठवलं—ते दाखवलं असेल त्यांनी तुम्हाला. त्यात ते एक वाक्य आहे ना, की हा पेपर गुणांनी वर्गात दुसरा होता. कशाला लिहायचं ते? बाद करायचा तर करा, वर हे कशाला?

बरोबर, त्यासाठीच वह्या हव्यात. सराव परीक्षांना नाव घालायचंच असायचं, मुखपृष्ठावर, ठळक. तिथे सही करून कुणाला काय कळवायचं होतं? तरी प्रत्येक पानावर सही आहे. म्हणजे ती सवय आहे, लबाडी नाही. हे डीनला पटेल. पटेलच असं वाटतं मला. आज पाचच्या आत अर्ज आणि सोबत त्या तीन वह्या. त्यांना स्वतःला का नाही यायचं इथे? लाज वाटते? कशाची लाज! हेच, तुमच्या पिढीचं हेच मला—जाऊ दे.

मी? माझं झालं ठीक. मिळाली जागा. आभारी आहे.

नाही, बोलतेच आता. राग येऊ दे तुम्हाला. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला काय करायचाय हो कायदा? कॉलेज संपेल तेव्हा सहासष्ट. त्यांना पेन्शन आहे, घर आहे, तुम्ही आहात, परसात पेकानची दोन झाडं आहेत, पेकानचे भाजलेले दाणे घातलेला केक आणला होता त्यांनी पहिल्या दिवशी, अख्ख्या मजल्याला वाटला. आमच्यासारख्यांना तुम्ही लोक काय सांगता? थांबा. धीर धरा. तुमची वेळ येईल. आणि आमची वेळ आली की त्याच रांगेत येऊन उभे राहता, हातात केक घेऊन. मी तेवीस वर्षांची आहे, पदवी घेऊन दोन वर्षं झाली, मेकन शहराच्या बाहेर एका गोदामात उभी राहून खोक्यांवर बारकोडचं यंत्र फिरवते, टूं, टूं, टूं, दहा तास. प्रवेश परीक्षा दोनदा दिली. आजीने चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं की आमची ब्रिएल वकील होणार—सहा आठवड्यांआधी सांगितलं, अट-बिट काही नाही, होणार! आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनी मला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला. आता कुठल्या तोंडानं जायचं होतं मी परत? सांगा ना. तुम्ही मोठी माणसं टाळ्या वाजवून घरी जाता.

हो, मला माहितेय त्यांचं. सगळं माहितेय. इस्त्री करताना सांगायच्या. पहिल्या साहेबाला काम त्यांनी शिकवलं, दुसऱ्याला त्यांनी शिकवलं, तिसरा तर तुमच्या धाकट्याच्या वर्गातला, त्यालाही त्यांनीच शिकवलं, आणि त्या खुर्चीवर त्यांना कुणी बसवलं नाही. लोकांना घराबाहेर काढायचे हुकूम यायचे, त्यावर शिक्का मारायचा यांनी, शिक्का मारताना दिसायचं की उत्तर द्यायची मुदत गेलेलीच नाहीये, या माणसाला कुणी सांगितलं तर घर वाचेल—आणि कारकुनाला सल्ला द्यायची बंदी. सांगितलं की नोकरी गेली. एकतीस वर्षं जीभ चावून बसले, म्हणाल्या, आता मरण्याआधी तोंड उघडायचंय. मी काय म्हणाले माहितेय? मी म्हणाले, मिस व्हर्डेल, इस्त्रीची वाफ माझ्या पुस्तकावर येतेय.

पण शिकवायच्या मात्र छान. ते मी नाकारत नाही. वर्गात प्रोफेसर अचानक नाव घेऊन उभं करायचा, माझं ततपप व्हायचं, त्या शांतपणे उभ्या राहून असं सांगायच्या की जणू खटला कालच त्यांच्या टेबलावरून गेलाय. एकदा मी रडले, तिसऱ्या आठवड्यात, सराव परीक्षेत खालून सहावी आले होते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वह्या काढून माझ्या पुढ्यात टाकल्या. ने बाळा, वाच, उत्तराचा सांगाडा कसा बांधायचा ते बघ, मग मांस चढव. त्या वह्यांवरूनच मी—

तेव्हा परत केल्या. बहुतेक. म्हणजे आठवत नाही आता.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही दोघंही अगदी सारखे बघता.

बरं, ऐका. त्या वह्या वाचल्या तेव्हाच मला दिसल्या सह्या. न दिसायला काय झालं? पाचव्या आठवड्यात मी लाल पेनाने गोल केले प्रत्येकीभोवती. का केले? त्यांना दाखवायला! शपथेवर सांगते, दाखवायलाच, की हे बघा, हे परीक्षेत केलंत तर शून्य, सवय मोडा आतापासून. शेजारी लिहिलंसुद्धा, 'परीक्षेत केलं तर बाद'. माझ्या अक्षरात. त्या जेवायला गेल्या होत्या. म्हटलं, आल्या की दाखवते. आणि तेवढ्यात खाली पाचव्या आठवड्यापर्यंतच्या मार्कांची यादी लागली. त्या चौथ्या. मी दहावी.

दहावी, मिस्टर स्पाइव्ही. नऊ जागा.

मी काही केलं नाही. लक्षात घ्या, मी काहीही केलं नाही. फक्त वह्या परत दिल्या नाहीत. इथे आम्हाला शिकवलंय, पहिल्याच आठवड्यात, एखादा माणूस तळ्यात बुडतोय आणि दुसरा काठावर सिगारेट ओढत बघत उभा आहे, दोर त्याच्या पायाशी पडलाय, तरी कायदा त्याला काही करू शकत नाही. अनोळखी माणसाला वाचवायचं बंधन नाही कुणावर. सगळा वर्ग चिडला होता ते ऐकून. मी नव्हते चिडले, मला ते स्वच्छ वाटलं. आणि कॉलेजची नियमावली मी चार वेळा वाचली, परीक्षेत मदत करू नये असं लिहिलंय, गप्प बसू नये असं कुठेच नाही.

पण अपवाद आहे. तो मला त्यांनीच समजावला होता, याच पलंगावर बसून, पायांना तेल लावत. की एकदा का तू बोललीस, ये, इथे पाणी उथळ आहे, भिऊ नकोस—आणि तो तुझ्या भरवशावर उतरला—मग तू काठावरची राहिली नाहीस. आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पेन्सिली टोकदार केल्या, माझ्यासुद्धा केल्या, आणि मला विचारलं. सरळ विचारलं हो. म्हणाल्या, ब्रिएल, तुझी नजर तरुण आहे, माझ्या वह्या वाचल्यास तू, माझं काही चुकतंय का? चुकत असेल तर आत्ता सांग, म्हातारी रागावणार नाही.

मी म्हणाले, नाही, सगळं बरोबर आहे, असंच लिहा.

असंच लिहा म्हणाले मी.

आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला पेपरात. वाचवण्याचं बंधन आणि त्याचा अपवाद. चाळीस मार्कांचा. मी अपवाद इतका सुंदर मांडला की काय सांगू, सांगाडा आणि मग मांस, पुढच्या रांगेत त्यांची पाठ दिसत होती, पान संपलं की उजवा खांदा जरासा खाली व्हायचा. चौदा वेळा. मी मोजत होते. एकदाही नाही वाटलं मला हात वर करावा असं. खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं. सहाव्या पानाला. तोवर त्या बाद झालेल्याच होत्या, मग काय उपयोग, असं म्हणून पुढे लिहीत राहिले.

काल यादी लागली. शेवटचा नंबर माझा. नववी. आता त्यांचा अर्ज मंजूर झाला तर त्या दुसऱ्या, आणि माझ्या खालचं कुणी जात नाही, मिस्टर स्पाइव्ही, मी जाते.

कधीपासून माझ्या त्या बॅगेकडे बघताय तुम्ही. मी आत्ताच पायाने खाटेखाली सरकवली ते दिसलं असेल. चेन पूर्ण लागत नाही, मोडकी आहे, निळा कोपरा बाहेर आलाय. उघडा ना! उघडा. फक्त वाकायचं आहे, गुडघे दुखत असतील तर पलंगाला धरून वाका. मी आडवी येणार नाही. मी ओरडणारही नाही. हात घाला आणि काढा, तीन वह्या, लाल गोलांसकट, माझ्या अक्षरासकट, डीनचं ऑफिस खालीच आहे, वीस मिनिटं आहेत अजून. खूप आहेत वीस मिनिटं. घ्या की हो! एकदा तरी न विचारता काही घ्या तुम्ही लोक!

नाही घेणार. हॅट पुन्हा डोक्यावर घातलीत. परक्या पोरीच्या बॅगेत तुम्ही हात घालणार नाही. मी हातात दिल्या तरच घेणार. म्हणून हात असा पुढे धरून उभे आहात. केव्हाचे उभे आहात असे? त्यांनी सांगून पाठवलंय का तुम्हाला, की तिच्याकडेच आहेत, फक्त माग, ती देईल? त्यांना माहीत होतं? बोला ना. माहीत होतं त्यांना?

नको. नका सांगू.

मी देत नाहीये. हात खाली घ्या, मिस्टर स्पाइव्ही. मिळाल्या नाहीत म्हणून सांगा त्यांना. त्यांची चादर, फोटो, इस्त्री, काय न्यायचं ते न्या आणि जा. आणि जाताना दार ओढून घ्या.